हिरव्या ठिपक्याचा जोडीदार

२० ऑगस्ट २०२५, बुधवार. ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक त्या दिवशी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूरही झाले. पैसे लावून खेळायचा खेळ बुद्धीचा असो वा नशिबाचा, दोहोंना त्यात एकच मनाई होती.

त्या दुपारी पडेगावात, दौलताबाद रस्त्यापासून थोडे आत, सत्यम शिंगाडे नेहमीप्रमाणे लॅपटॉपवर पोकर, पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ, खेळत बसला होता. बातमी त्याला खेळातल्याच कुणीतरी गप्पांच्या चौकटीत टाकून कळवली. त्याने हातातला डाव पुरा केला, तो जिंकला, आणि मग बातमी उघडून वाचली. आठवडा संपायच्या आत विधेयकाचा कायदा झाला आणि पोकरची ऑनलाइन टेबले बंद झाली.

सत्यमच्या आजोबांची उमर मेंढरांमागे चालण्यात गेली. वडील मल्हारराव पडेगावात स्थिरावले. दारात थोडी मेंढरे त्यांनी अजून राखली होती, पण त्यांचे नाव होते ते छावणी भागात गुरुवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात. तिथले जुने लोक शेळ्यामेंढ्यांचा सौदा अजून उपरण्याखाली करतात. विकणारा आणि घेणारा कापडाआड एकमेकांची बोटे धरून भाव सांगतात; भोवतालच्या बघ्यांना काही पत्ता लागत नाही. पुढे त्यावरून वाद झालाच, तर मल्हाररावांना बोलावणे जाई. त्यांचा शब्द दोन्हीकडचे मानत, कारण त्यांनी एक नियम कधी मोडला नव्हता: दोन्ही हात, म्हणजे विकणारा आणि घेणारा, समोर आल्याखेरीज साक्ष द्यायची नाही. एकट्याचे ऐकून ते सख्ख्या मेहुण्याच्या बाजूनेही बोलले नव्हते. मेहुणा पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरून होता.

सत्यमने डिप्लोमा केला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला आणि कंत्राट सरल्यावर घरी आला. पोकर तो वसतिगृहात गंमत म्हणून शिकला होता. आता पोटासाठी शिकला. खेळामागचे गणित समजून घेतले, हरलेले डाव पुन्हा पुन्हा पाहिले, आणि घर त्यावर चालू लागले. आई मंजुळाबाई शेजारणींना ‘कम्प्युटरचं काम हाय’ एवढेच सांगत. ते पत्ते आहेत हे मल्हाररावांना ठाऊक होते. पोरगा दारूला शिवत नाही, कुणाचे मिंधेपण पत्करत नाही, हे पाहून त्यांनी पुढचे विचारले नव्हते.

टेबले बंद झाल्यावर खेळाडूंच्या गटाने ठरवले की प्रत्येकाने आपल्या खासदाराला पत्र लिहायचे: पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, कायद्यात दुरुस्ती आणून त्याला मनाईतून वगळा. गटाने पाठवलेला इंग्रजी मसुदा सत्यमला कोरडा वाटला. त्याने स्वतःच्या मराठीत पत्र लिहिले. त्यातले एक वाक्य त्याला विशेष साधले होते: ‘या खेळात समोरासमोर बसणारे दोघेही जाणते असतात आणि राजीखुशीने बसतात.’

पत्र घेऊन तो आप्पासाहेबांकडे गेला. आप्पासाहेब पडेगावातले पुढारी. खासदारांच्या कार्यालयात त्यांची ये-जा असे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र वाचले.

“भाषा झकास हाय रे,” ते म्हणाले. “पर खाली सही कोणाची? तुझी. तुला वळखतंय कोण? उद्या साहेब मला इचारतील, आप्पा, हा जुगारी पोरगा कुठून धरून आणला?”

“जुगार नाय आप्पा, तेच तर लिवलंय.”

“तू लिवून काय व्हतंय! चोर कधी लिवतो का, मी चोर हाय म्हणून?” आप्पासाहेब स्वतःच्याच बोलण्यावर हसले. “बापाची सही आण. मल्हारराव म्हणला जुगार नाय, तर मी सोता नेऊन देतो पत्र. त्याच्या शब्दावर आख्खा बाजार चालतो.”

सत्यमने त्याच संध्याकाळी वडिलांसमोर लॅपटॉप उघडला. त्याने आपले जुने डाव जपून ठेवले होते. ते चित्रासारखे पुन्हा चालवून दाखवता येत. मल्हारराव मांडी घालून बसले. पाने झाकलेली, पैसे पुढे सरकणारे, कोण खरे बोलतो आणि कोण हूल देतो हे ओळखायचे, एवढे समजताच त्यांचे डोळे लकाकले.

“आरं, हा तर उपरण्याखालचा सौदा हाय की! थांब, थांब. हा गडी खोटा हाय. त्याच्याकडं काय बी नाय.”

पाने उघडली. त्या गड्याकडे तीन राजे होते.

“लबाड दिसतंय बेणं,” मल्हारराव म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग त्यांनी पडद्यावरच्या दुसऱ्या एका नावावर बोट ठेवले. “आन् हे काय? ह्याच्या नावापुढं हिरवा ठिपका?”

जाणते खेळाडू अशा खुणा करतात. जो कच्चा खेळतो, हरला तरी उठत नाही, त्याच्या नावावर रंग लावून ठेवायचा. पुन्हा तो दिसला की त्याच्या डाव्या हाताची खुर्ची पकडायची. तिथे बसणाऱ्याची पाळी त्याच्यानंतर येते, म्हणून तिथून त्याचे पैसे सोपे जातात. ठिपका दुसऱ्या कुणाला दिसत नाही. ‘पैठणराजा’ या नावावर सत्यमने तो पहिल्याच आठवड्यात लावला होता.

“दोस्त हाय तो माझा,” सत्यम म्हणाला. “ओळखीचा म्हणून खूण.”

“हरतो का तुझ्याकडून?”

“बऱ्याचदा.”

“मग काम सोपं झालं,” मल्हारराव खुशीत म्हणाले. “खेळ डोक्याचा हाय, हे मला दिसलं. पर तू जितणारा, मी तुझा बाप. ही एकाच हाताची साक्ष झाली. ह्या दोस्ताची सही आण. हरणारा म्हणू दे, सौदा खरा व्हता. मग मी डोळे झाकून करतो.”

सत्यमने तेव्हाच खरे सांगितले असते तर सही मिळाली नसती, आणि सहीवाचून पत्र पुढे जाणार नव्हते. पत्र गेले नाही तर टेबले सुरू व्हायची आशाही नव्हती. त्याने लॅपटॉप मिटला.

पैठणराजाला शोधणे अवघड नव्हते. त्याने गप्पांच्या चौकटीत एकदा आपला नंबर देऊन ‘चितेगावला आलात तर या’ असे लिहिले होते. सत्यमने फोन केला आणि रविवारी पैठण रस्त्याने चितेगाव गाठले.

पैठणराजाचे खरे नाव बिभीषण; तो तिथल्या एका कंपनीत ऑपरेटर होता. शेतकऱ्याच्या घरचा, थोराड अंगाचा, बोलका माणूस. त्याने दारातच सत्यमला मिठी मारली.

“काळं मेंढरू! तुम्हीच का ते?” सत्यमचे खेळातले नाव ते होते. “अंबिका, बघ कोण आलंय. तुला सांगत नव्हतो का, मी टेबलावर बसलो की पाच मिनिटांत हे शेजारी हजर. अन् कायम डाव्या हाताला. सख्खा भाऊ एवढा शेजारी बसत नाय!”

“योगायोग,” सत्यम म्हणाला.

“योगायोग कसला, जीव लागतो माणसाला. ही म्हणायची, कोणासोबत खेळता? म्हटलं, जोडीदार हाय. नाव ठाऊक नाय, तोंड पाह्यलं नाय, पर बसतो माझ्यापाशीच.”

अंबिकाने चहा आणला आणि उंबऱ्याशी उभी राहिली. बिभीषणने पत्र मोठ्याने वाचले. ‘दोघेही जाणते असतात’ इथे त्याने मान डोलावली. “एक नंबर लिवलंय, भाऊ. आपल्याला जाणतं म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.”

“हे पत्र गेलं म्हणजे तो खेळ परत सुरू होतो का?” अंबिकाने विचारले.

“प्रयत्न चाललाय, वहिनी.”

“मग दुसऱ्या कोणाची घ्या ना सही.” तिचा आवाज साधाच होता. “तो खेळ बंद झाल्यापून हे संध्याकाळी पोरीला शिकवणीला नेतात. येताना भाजी आणतात. बोलतात घरात.”

“आगं, जोडीदार पहिल्यांदा घरी आला,” बिभीषण म्हणाला. “त्याला रिकाम्या हातानं धाडू व्हय?”

“काहून नाय? मी कुठं म्हणते उपाशी धाडा?”

बिभीषण हसला आणि त्याने सही केली. नावाखाली गाव लिहिले. अंबिकाने सत्यमकडे पाहिले. सत्यमने कागदाची घडी घातली. परतीच्या वाटेवर त्याला एक गोष्ट लख्ख दिसत होती: ठिपक्याचा अर्थ त्या घरात सांगायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य त्याच्या तोंडात होते, आणि चहाबरोबर त्याने ते गिळले होते.

मल्हारराव अंगणात मेंढरांना पाला टाकत होते.

“भेटला?”

“भेटला.”

“राजीखुशीनं केली सही?”

“व्हय. चहा पाजला.”

एकेक उत्तर खरे होते. मल्हाररावांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि ओसरीवर बसून सही केली, अक्षरावर रेघ ओढून, बाजारात करत तशी.

“म्हणजे हिरवा ठिपका खरा निघाला म्हणायचा,” ते म्हणाले. “असा दोस्त मिळाया नशीब लागतं.”

आप्पासाहेबांनी शब्द पाळला; पत्र कार्यालयात देऊन आल्याचे त्यांनी फोनवर सांगितले. हिवाळा आला, संसदेचे अधिवेशन आले आणि सरले. पोकरला सूट देणारी दुरुस्ती काही सत्यमच्या वाचनात आली नाही. तो चिकलठाण्याच्या एका गोदामात कामाला लागला आहे. खेळाडूंचा गट आता थंड आहे.

पण ते पत्र दोन ठिकाणी अजून चालूच राहिले. छावणीच्या बाजारात मल्हारराव त्याची गोष्ट अभिमानाने सांगतात: दिल्लीला अर्ज गेला तोसुद्धा माझ्या नियमाने, जितणारा आणि हरणारा, दोन्ही हात लावून. ऐकणारे माना डोलावतात. शेजारी उभ्या सत्यमला त्या वेळी मेंढरांच्या पायांकडे पाहण्याचे काही ना काही काम निघते. आपल्या बापाची साक्ष आयुष्यात एकदाच खोटी पडली, ती आपल्यामुळे, आणि ती खोटी आहे हे त्यांनाच ठाऊक नाही, ही बोच त्याची पाठ सोडत नाही.

दुसरे ठिकाण चितेगाव. बिभीषणचा अधूनमधून फोन येई.

“काय जोडीदार, उघडलं का टेबल?”

“नाय अजून.”

“घाई नाय. मी ॲप काढलं नाय फोनमधून. अंबिका म्हणते, काढून टाका. म्हटलं, जोडीदारानं शब्द दिलाय, प्रयत्न चाललाय. संध्याकाळी एकदा उघडून बघत असतो.”

“पोरीच्या शिकवणीला जाता ना?”

“जातो की. बाहेर उभा राहूनच बघतो.”

शेवटचा फोनही असाच आला. तेव्हा सत्यमने त्याला एवढेच सांगितले, “बिभीषणभाऊ, ॲप काढून टाका. ते काय आता उघडत नाय.”

“तुम्ही काढलं का?”

“काढलं.”

“मग शेजारी कोण बसणार म्हणा,” बिभीषण म्हणाला, आणि हसला.

ठिपक्याविषयी सत्यम त्याही दिवशी बोलला नाही. पत्र आप्पासाहेबांनी पोचवले, याला त्यांच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. पोच मिळालेली नाही, उत्तर आलेले नाही. ते पत्र खासदारांनी वाचले की नाही, हे कळलेले नाही. बिभीषणने ॲप काढले की नाही, हेही कळलेले नाही. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.