बत्ताशावरचा थेंब

वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागत नसे. गुडघाभर पाण्यातून होडीत चढायचं आणि होडीतून बोटीवर. मी लुगडं सावरत होडीत बसले, तरी आई पाण्यातच उभी राहिली. तिने चंदनाचं एक खोड माझ्या ओटीत टाकलं आणि कानाशी येऊन पुटपुटली, "नाक उघडां ठेव, तोंड बंद. माणूस खोटां बोलात, वास बोलाचो नाय." मला मुंबईला न्यायला आलेले हे, म्हणजे माझे यजमान, हातभर अंतरावर बसले होते. रडायचं माझं राहूनच गेलं. मी तेव्हापासूनच वास घ्यायला लागले होते.

संशय आमच्या आळीच्या पाण्यातच होता म्हणा. शेजारच्या ताराकाकीचा नवरा मुंबईच्या गिरणीतून आजारी होऊन आला, तो रोज सकाळी बत्ताशावर चंदनाच्या तेलाचा थेंब घालून खाई. वैद्यांनी सांगितलं, उन्हाळी लागलीय. उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ, दुसरं काही नाही. पण आमच्याकडे बायका हा शब्द पदर तोंडाला लावून उच्चारत. मुंबईहून आलेल्या पुरुषाला उन्हाळी लागली, तर ती कुठल्या गल्लीत लागली ते विचारायचं नसे. सगळ्यांना ठाऊकच असे. ताराकाकी माहेरी निघून गेली. तो एकटाच हाताने भात शिजवून खाई आणि त्याच्या विहिरीवर कुणी जात नसे.

मुलुंडला गावठाणात घरमालकीण आग्नेसबायच्या चार खोल्यांपैकी एक आम्हाला भाड्याने मिळाली होती. वर पत्रा, पुढे तिच्या कोंबड्या, आणि संडास थेट वाडीच्या टोकाला. तिथे जायचं तर विहिरीच्या कठड्यावर पत्ते कुटत बसलेल्या पुरुषांसमोरून जावं लागे, हातात डबा घेऊन. मी सगळ्यांचाच संशय घेत होते. दूधवाला पाणी घालतो, वाणी चंदनाच्या तेलात एरंडेल मिसळतो, आग्नेसबाय रोज चहाला बोलावते ती कशासाठी? तिच्या घरचा चहा मी कितीतरी दिवस घेतला नाही. सहाणेवर आईचं खोड उगाळून देवाला गंध लावलं की तेवढा वेळ मात्र घरी असल्यासारखं वाटे. उरलेलं गंध मी घामोळ्यांवर लावी.

एकदा यांच्या पेटीत धोतर ठेवताना हाताला बाटली लागली. शेजारी कागदात बत्तासे. बूच काढून हुंगलं. तेल अस्सल होतं. नवरा अस्सल होता की नाही, तेच कळेना.

"अहो, हे कशाला?"

"उन्हाळी लागलीय गं," हे म्हणाले, अगदी सर्दी झाल्यासारखं सहज. "कारखान्यात दिवसभर भट्टीपुढे उभं राहायचं. पाणी प्यायला फोरमन हलू देत नाही."

भट्टी, फोरमन, पाणी यांतलं काही माझ्या कानात शिरलं नाही. पहिल्याच शब्दाला मी ताराकाकी झाले होते. यांनी लाजत, अडखळत सांगितलं असतं तर कदाचित विश्वास बसला असता. इतक्या सरळ कबुलीचं काय करायचं, ते आईने शिकवलं नव्हतं. मी अंथरूण वेगळं केलं, साबण वेगळा केला. हे विचारत, "काय झालं?" आणि मी म्हणे, "काही नाही."

मग वैशाखात मलाच जळजळ सुरू झाली. ज्याची भीती होती तेच अंगात आलं, असं वाटलं. यांनी ते ओळखून आपणहून बत्ताशावर थेंब घालून पुढे केला, "घे, बरं वाटेल." मी तो हात झिडकारला. हे कामावर गेले आणि मी पेटी भरायला घेतली. आता माहेर, जन्माचं.

आग्नेसबाय दारात येऊन उभी राहिली. "पेटी कशाला भरतेस गो? भांडन झालं काय?" मी रडत सगळं ओकले. तिने ऐकून घेतलं, पेटीला लाथेनेच बाजूला सारलं आणि मला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. तसलं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पाणी किती पितेस?"

मी मनात मोजलं. सकाळी चूळ भरताना घोटभर आणि जेवताना घोटभर. जास्त प्यायलं तर विहिरीवरून जावं लागलं असतं. यांची उन्हाळी भट्टीची होती आणि माझी लाजेची. मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की आग्नेसबायने पाठीत धपाटा घातला. परत आल्यावर तिच्या हातचा चहा मी पहिल्यांदा प्यायले.

यांना सांगितलं तेव्हा हे हसले नाहीत. जेवण अर्धं टाकून म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तू मला..." मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून हे माझा डबा स्वतः हातात घेऊन विहिरीवरून पुढे चालायला लागले. पत्तेवाल्यांनी खूप टिंगल केली, "काय शेठ, बायकोचे हमाल झालात?" हे म्हणत, "झालो रे. तू पत्ता टाक."

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. नात परदेशातून चंदनाच्या तेलाची चिमुकली बाटली पाठवते. "आजी, अरोमाथेरपी आहे, डिफ्युझरमध्ये टाक, स्ट्रेस जातो." मी आधी हुंगून बघते, एरंडेलाचा संशय अजून गेलेला नाही. बाटलीवर लिहिलंय, पोटात घेऊ नये. मी एक थेंब उशीवर टाकते आणि झोपते.

मागे गावी गेले होते. ताराकाकी नवरा गेल्यावरच परतली होती, ओटीवर एकटी बसली होती. मी विचारलं, "काकी, काका गिरणीत खयच्या खात्यात होते?"

"बॉयलरार," ती म्हणाली. "कोळसो घालीत. कित्याक गो?"

आईचा अर्धा उपदेश मी त्या दिवशी पाळला. तोंड बंद ठेवलं. काकीने तांब्याभर पाणी पुढे केलं, ते मी न पिताच खाली ठेवलं. मुलुंडला परत आले, दार उघडलं, आणि उभ्या उभ्या पोटभर पाणी प्यायले.