विळे परत मागायला गेलो तेव्हा

धान कापणीला आलं होतं आणि आमच्या टोल्यावरचे, सव्वीस घरांच्या वस्तीचे, सव्वीस विळे वनखात्याच्या नाक्यावर पडून होते. छपरासाठी राखीव जंगलातलं गवत कापलं म्हणून गार्डाने ते बायांच्या हातातून काढून घेतले होते. इतके नवे विळे करायला महिना लागेल, असं लोहार म्हणाला. आठ दिवसांपलीकडे धान थांबणार नव्हतं, शेताच्या बांधीतच झडलं असतं.

पोरं नाक्याचं कुलूप फोडायला निघाली. माझ्या सासऱ्यांनी त्यांना अडवलं. इंग्रजांच्या काळात, तीस सालच्या जंगल सत्याग्रहात, ते असंच गवत कापून तुरुंगात गेले होते.

"कुलूप तोडलं त चोर ठरू," ते म्हणाले. "दिवसा जाऊ, आंदी सांगून पुन्हा गवत कापू. साऱ्यायले अटक कराव लागन, त साहेबाले आपलं ऐकाच लागन. तीस साली बी आमी साहेबाले चिठ्ठी देऊनच कापलं होतं."

मी त्यांचा जावई; टोल्यावरचे अर्ज मीच लिहीत असे. माणसं सव्वीस, प्रत्येकी एक पेंढी, बुधवारी सकाळी दहा वाजता विळ्याने गवत कापणार, अटक करावी. असा अर्ज दोनदा तपासून नाक्यावरच्या साहेबांना दिला, पोच घेतली.

बुधवारी सगळे जमल्यावर शेजारीण म्हणाली, "भाऊ, तुमी एवढे हिसोबी. कापाचं कायनं, दातानं?"

माणसं मोजली, पेंढ्या मोजल्या, विळे मोजायचे राहिले होते! सगळे पोट धरून हसले.

"हातानं उपटू," एक पोरगा म्हणाला.

"मुळासंगं निघन," सासरे म्हणाले. "मंग पुढच्या साली काय कापशीन?"

म्हणून नाक्यावर जाऊन विळेच मागितले.

"गुन्हा करायला हत्यार मी देऊ?" साहेब म्हणाले.

"द्या साहेब. नाई त तसंच अटक करा," म्हणत सासरे खाली बसले. मागोमाग आम्ही सगळे बसलो. मी जप्तीच्या कागदाची नक्कल मागितली. साहेबांनी गार्डाला विचारलं. त्याने कागदच केला नव्हता, म्हणजे जप्तीच नियमाबाहेरची होती. दुपारी बायांनी सोबतच्या भाकरींची फडकी सोडली, गार्डालाही एक भाकर दिली. त्याने मान खाली घालून खाल्ली.

चारच्या सुमारास साहेबांनी विळे ठेवलेली खोली उघडली. मी विळे मोजून घेतले.

"बाबाजी, आता धान कापा. गवताचं मी वर लिहितो."

"लिवा साहेब. धान झालं का आमी येतोच. सांगूनच येऊ."

गवताची परवानगी यायला पुढचा हिवाळा उजाडला. धान मात्र त्याच आठवड्यात खळ्यावर आलं.