वरकुट्याचे एअर मार्शल

आकाशात हवं तिथं हिंडून आलेला, पण जमिनीवर साधी खुर्चीसुद्धा हलवून बघितल्याशिवाय तिच्यावर न बसणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा मामा निघाला. हवाई दलातून एअर मार्शल होऊन ते निवृत्त झाले आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आपल्या गावी, वरकुट्याला, राहायला आले. आमच्या लग्नाला त्यांना येता आलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या भेटीत आपण काहीतरी जाणकारीचं विचारावं असं मला वाटलं. माझं बारामतीत पाइप आणि पंपांचं दुकान; जाणकारी तेवढीच. मी विचारलं, "मामा, तुमचं विमान लिटरला किती द्यायचं?" स्वयंपाकघरात भांडं आदळलं. ते माझ्या बायकोच्या हातातलं होतं. मामांनी मात्र चेहरा जराही हलू दिला नाही. "जावईबापू, ते द्यायचं नाही, नुसतं घ्यायचं. बसा, सांगतो," म्हणाले, आणि वारा, उंची, वजन असं सगळं धरून तासभर समजावत राहिले. शेवटी मला एवढंच कळलं की बारामतीहून इंदापूरला जायला विमान परवडत नाही.

मामांचं घर मूळचं मेंढरांचं. थोरला भाऊ कळपामागं गेला आणि धाकट्याला शाळेत घातलं. मेंढरं राखताना डोक्यावरून विमान गेलं आणि पोराच्या मनानं घेतलं, असं गावात अजून रंगवून सांगतात. मामांना विचारलं तर म्हणायचे, "छे हो! गणिताच्या मास्तरांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं. बाहेर फळ्यावर भरतीची जाहिरात होती. वेळ होता, म्हणून वाचली." त्या मोकळ्या वेळानं त्यांना लढाऊ विमानात बसवलं, मग तुकडीचा प्रमुख केलं, मग हवाई तळाचा, आणि शेवटी दिल्लीत अशा खोलीत नेऊन बसवलं की आत शिरायला मोठमोठ्या अधिकाऱ्यांना परवानगी लागे. लढाईचं मात्र ते बोलत नसत. मी एकदा खोदून विचारलं, "मामा, लढाईत तुम्ही काय केलंत?" ते म्हणाले, "परत आलो."

विमानात चढण्याआधी त्याच्याभोवती फेरी मारून प्रत्येक भाग हातानं तपासायचा, ही त्यांची जन्माची सवय. विमानं सुटली, सवय राहिली. माझ्या स्कूटरवर मागं बसायचं तरी आधी एक प्रदक्षिणा व्हायची. चाकाला लाथ, आरशाला हिसका, दिव्याला टिचकी, आणि मग माझ्याकडे जरा संशयानं बघून, "चला." एकदा इंदापूरच्या स्टँडवर त्यांनी एसटीलाही फेरी घातली आणि मागच्या चाकाचे नट एकेक करून चाचपले. ड्रायव्हर खिडकीतून डोकावून म्हणाला, "आबा, तिकीट काढायचं हाय का यष्टी इकत घ्यायचीय?" मामा शांतपणे म्हणाले, "एक नट ढिला आहे." ड्रायव्हर हसत उतरला. नट घट्टच होता. "तरी बघितलेलं बरं," म्हणून मामा आत जाऊन बसले.

सुप्याला माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला निघालो, तर मामांनी आदल्या दिवशी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं नकाशा काढून सगळ्यांना सूचना दिल्या. कोण कुठं बसणार, आधी कोण बोलणार, मानपानाचा विषय निघाला तर कुणी खोकायचं. परत आल्यावर झाल्या कामाची तपासणीही झाली. तीत दोष एकच निघाला, तो माझा. "जावईबापूंनी पोहे तिसऱ्यांदा घेतले. तशी योजना नव्हती." सोयरीक जमली, पण माझ्या नावावरचा तो शेरा मामांनी पुसला नाही.

असा हा सगळ्यांना शिस्त लावणारा माणूस एका ठिकाणी अगदी हतबल होता. ते ठिकाण म्हणजे त्यांचे थोरले बंधू, तात्या. मामांचं घरातलं नाव बिरू. आई बिऱ्या म्हणायची आणि तात्याही तेच म्हणायचे. मग केव्हातरी मामा गणवेशात, सरकारी जीपमधून गावी आले. त्यांना बघून अख्खा पार उठून उभा राहिला. पारावरच्या माणसांबरोबर तात्याही उठले. पार पुन्हा बसला, तात्या काही मनानं खाली बसले नाहीत. तेव्हापासून "सायेब, या," "सायेब, बसा." आई गेली आणि बिऱ्या हे नाव तिच्याबरोबर गेलं. घरच्या माणसाला बसायला कुणी काही अंथरत नाही, तो मिळेल तिथं टेकतो. पण मामा दारात दिसले की तात्या आपल्या हातानं घोंगडं झटकून अंथरायचे. मामा एकदा मला म्हणाले, "जावईबापू, मी इथं राहायला आलोय हो. आणि दादा मला रोज पाहुणा करतोय. मी काय करू?" विमानांच्या तुकड्या हलवणारा माणूस मला, पाइप विकणाऱ्याला, उपाय विचारत होता.

त्या उन्हाळ्यात तात्यांनी आपला कळप माझ्या कन्हेरी गावच्या रानात खतासाठी बसवला. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे खुंट्यांवर ताणलेल्या जाळ्याच्या आत, कोंडली. मामा घोंगड्यावरून उठले आणि सवयीनं वाघरीभोवती फेरी मारू लागले. प्रत्येक खुंटीला हिसका देऊन बघत होते. रान नुकतंच नांगरलेलं. एक खुंटी त्यांच्या हातातच आली. जाळं आडवं झालं, आणि क्षणात सगळा कळप शेजाऱ्याच्या हिरव्यागार लसूणघासात! मी वळवायला धावलो आणि सरळ पाण्याच्या पाटात बसलो. मामा हातात खुंटी धरून, अजून तिचीच तपासणी चाललीय असे उभे. तेवढ्यात तात्यांचा आवाज आला.

"अय बिऱ्या! आरं मुडद्या, हुबा काय ऱ्हायलायस खांबावानी? मेंढरं वळीव की!"

आणि माजी एअर मार्शल पळाले. साठी उलटलेला माणूस, एका पायातला बूट चिखलात सोडून, तोंडानं "हर्र, हर्र" करत असा पळाला की दोन्ही बाजूंनी मेंढरं गोळा होऊन गुमान परत आली. सगळं निवळल्यावर तात्यांना आपण काय बोललो ते उमगलं. ते मुंडाशाचं टोक चाचपू लागले. मामा त्यांच्यासमोर टाचा जुळवून उभे राहिले. "दादा, खुंटी मी उपटली."

तात्यांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तोंडावर "सायेब" आला होता, तो मला दिसला. पण तो त्यांनी गिळला. "ठावं हाय. ल्हानपणापास्नं तुजं हात सुदं न्हाईत. धर ती वाघर, आन् नीट धर."

अंधार पडेपर्यंत दोघं भाऊ खुंट्या ठोकत होते. तात्या प्रत्येक खुंटीला काहीतरी ऐकवत होते, आणि मामा "व्हय, दादा" म्हणत होते. दिल्लीच्या त्या खोलीत कधी न निघालेला तो "व्हय" इतकी वर्षं त्यांनी कुठं जपून ठेवला होता कोण जाणे. पुढं तात्या फार दिवस राहिले नाहीत. पण जेवढे होते तेवढे दिवस त्यांनी धाकट्याला रोज काही ना काही सुनावलं.

त्या रात्री मी ओल्या कपड्यांनी घरी आलो आणि बायकोला घाबरत घाबरत सांगितलं, की चारचौघांत तुझ्या थोरल्या मामांनी एअर मार्शलला मुडद्या म्हटलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पदरानं डोळे टिपले, आणि म्हणाली, "आले म्हणायचे एकदाचे मामा घरी."