दोन फोटो आणि भातावरचं तूप

वडिलांचा विश्वास फक्त मूळ कागदावर होता. साताऱ्याच्या कचेरीत नकला मुळाशी ताडून पाहण्यातच त्यांची नोकरी सरली. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली आणि डॉक्टर पित्ताशयात खडे असतील म्हणाले, तेव्हाही त्यांनी विचारलं, "पाहिलेत का?"

पाहण्यासाठी सांगलीला जावं लागलं. लढाईचे दिवस, एक्सरेची फिल्म मुश्किलीनं मिळे. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं : संध्याकाळी तूप-तेलाशिवाय जेवण, मग या गोळ्या, नंतर फक्त पाणी. गोळ्यांतलं औषध पित्ताशयात साठलं की ते फोटोत पांढरं उमटतं, खडे त्यात काळे दिसतात; तूप-तेल पोटात गेलं तर पित्ताशय आकसून औषध बाहेर टाकतं. खडे निघाले तर पोट उघडायचं.

आम्ही आत्याकडे उतरलो. वडिलांनी गोळ्या माझ्यासमोर घेतल्या. सकाळच्या फोटोत पित्ताशय उमटलंच नाही.

"गोळ्या गिळल्या ना खरंच?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"गोळ्याच खोट्या असतील," वडील म्हणाले.

मलाही शंका आली. जिभेखाली धरून थुंकल्या तर नसतील? की जेवणातच काही चुकलं? घरी येऊन मी आत्याला विचारलं, काल काय वाढलं होतंस?

"साधा वरणभात. फोडणीसुद्धा नाही."

"आणि तूप?"

"तूप कुठलं? अन्नशुद्धी तेवढी. भावाला कोरडा भात वाढू होय गं?"

तिची तुपाची पळी लहान नव्हती.

डॉक्टर चिडले, पण चार दिवसांनी पुन्हा गोळ्या दिल्या. या वेळी मी वाढलं. फोटोत पांढरी पिशवी आली, तिच्यात काळे ठिपके. मग पिशवी आकसते का हे पाहायला डॉक्टरांनी वडिलांना लोणी खायला लावलं.

"काल तूप विष, आज लोणी औषध! एका फोटोत काही नाही, दुसऱ्यात खडे. यावर माझं नाव कुठं आहे?"

आत्यानं डोळ्यांत पाणी आणून तुपाचं सांगितलं.

"आक्का, तुलाही पढवलं का त्यांनी?"

ऑपरेशन त्यांनी करून घेतलं नाही. पुढं कावीळ झाली, ताप उतरेना, आणि ते गेले.

तेराव्याला घरच्या पंक्तीत आत्या तूप वाढत होती. माझ्या पानापाशी आली आणि पळी भातावर धरून तशीच उभी राहिली.

"वाढ, आत्या," मी म्हणाले.

तिनं एकच थेंब सोडला.