श्रीच्या खालची ओळ

कुठलीही फाईल उघडायच्या आधी आमच्या ऑफिसातले भाई उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारायचे. समोर नुसता कॉम्प्युटर. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. आम्हीही हसायचो.

"हसा बे," ते म्हणायचे. "गाडीत हात घातल्याबिगर कापूस समजत नाही."

त्यांचं घराणं देऊळगाव राजाचं, कापसाच्या व्यापारातलं. गाडीत वर पांढरा कापूस असतो, आत ओला निघतो. म्हणून व्यापारी बाही सारून हात खोल घालतो. भाई इंजिनिअर झाले, पण सवय हातात राहिली.

मी बीबी गावाजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला ग्रॅज्युएट. मला कपाशीनंच शिकवलं. बीटी बियाणं आलं तेव्हा बाबा म्हणाले, आता अळीची चिंता नाही. मग गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. आई बांधावर बसून एकेक बोंड फोडायची आणि बाजूला टाकायची.

आमच्या ऑफिसचं काम अळीचा इशारा देण्याचं. गावोगावच्या केंद्रांवरून फाईली यायच्या: या गावात हे बियाणं, या बियाण्यावर ही अळी, अशी एकमेकांना जोडलेली वाक्यं. लिहायची पद्धत मात्र प्रत्येकाची वेगळी. प्रोग्राम पहिली ओळ पाहून पद्धत ओळखायचा. महिरपी कंस दिसला तर एक, टोकदार कंस दिसला तर दुसरी. ओळखू आली नाही की फाईल बाजूला.

एका हंगामात आमच्या गावाला इशारा गेलाच नाही. बाबांनी उभी कपाशी उपटली.

भाईंनी बाजूला पडलेल्या फाईलींतून आमच्या गावची काढली. बाही वर. पहिल्या ओळीत होतं, ॥ श्री ॥. केंद्रावरचे काका कुठलाही कागद श्रीशिवाय सुरू करत नसत. फाईलही नाही.

"फोन करतो त्यांना," मी म्हणालो. "सांगतो, श्री लिहू नका."

"काऊन? माहे अब्बा बी चिठ्ठीवर पहिले सातशे शहाऐंशी लिहत. त्याईले कोनं अडवलं? देवाले हलवू नको बाप्पा. प्रोग्रामले सांग, देवाच्या खाली हात घाल."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाबा काय म्हणून राह्यले?"

"रोज रिकाम्या वावरात जाऊन येतात."

भाईंनी चहा मागवला. माझा गार होईपर्यंत नुसते शेजारी बसून राहिले.

मग आम्ही दोघांनी प्रोग्राम बदलला. फाईलचं नाव काहीही असो, पहिली ओळ कळो न कळो, खाली उतरून आतलं वाचायचं आणि मग ठरवायचं.

पेरणीच्या आधी भाई गेले. जालन्याला दवाखान्यात नेता नेता, वाटेतच. कब्रस्तानात सगळ्यांसोबत मीही माती दिली. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. फक्त माती उचलायला वाकलो तेव्हा दिसलं, माझी उजवी बाही कोपरापर्यंत वर गेली होती. मी कधी सारली, आठवत नाही.

पुढच्या हंगामात आमच्या गावची फाईल आली, श्रीसकट. प्रोग्रामनं वाचली. इशारा वेळेवर गेला, आणि बाबांचा कापूस घरात आला.