फाटकाबाहेरचे बूट

आमच्या गावात मेंढीच्या कातड्याचे बूट नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. आम्ही दक्षिण गोलार्धातले, आमची थंडी जूनमध्ये येते. जून लागला, सकाळी दव गोठून गवत पांढरं दिसायला लागलं, की सगळ्यांचे पाय त्या लोकरीत शिरतात ते थेट सप्टेंबरात बाहेर येतात. पण हे बूट घरातले. फार तर टपालपेटीपर्यंत. ते घालून दुकानात जाणाऱ्याला गाव काय म्हणतं ते सांगत नाही, कारण म्हणणाऱ्यांत मीही असतो.

माझ्या शेजारच्या नोरीन टकवेलने तर याचा कायदाच केला होता. तिचा नवरा क्लॅरी शाळेची बस चालवायचा. एका रविवारी दूध संपलं म्हणून तो तसाच मेंढीचे बूट घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. परत आला तेव्हा नोरीन कमरेवर हात ठेवून फाटकात उभी. त्याचा असा उद्धार झाला की अख्ख्या गल्लीने पडदे सरकवून ऐकला. त्यानंतर क्लॅरी पॉलिश केलेल्या बुटांशिवाय फाटकाबाहेर पडला नाही. मी त्याला बायकोचा गुलाम म्हणायचो, तो नुसता हसायचा. त्या घरात रेडिओ नव्हता आणि नोरीन असताना त्याची गरजही नव्हती.

मग नोरीनला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग घराचा रस्ता, मग क्लॅरी. शेवटी तिला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. क्लॅरी रोज दुपारी टाय लावून, बूट चमकवून तिच्याकडे जायचा. मीच गाडीने न्यायचो. त्याच्या त्या थाटामुळे की काय, ती त्याला विम्याचा माणूस समजायची. "बसा ना," म्हणायची. "मिस्टर टकवेल बसवर गेलेत. संध्याकाळी भेटतील." हा बिचारा बसायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि संध्याकाळी येतो म्हणून उठायचा.

"एकदा नुसतं ओरडली ना माझ्यावर, लेका, तरी पुरे," तो एकदा परतताना म्हणाला.

जुलैत रक्तदाबाच्या नव्या गोळ्यांनी त्याचे पाय सुजले. चामड्याचे बूट चढेनात. घरातली मेंढीची जोडी तळापासून फाटलेली. दोन दिवस तो बायकोकडे गेलाच नाही, जाळापुढे बसून राहिला. मी त्याला उचलून मिर्यानाकडे नेलं.

पेट्रोलपंपामागे मिर्यानाचं बूट शिवायचं दुकान आहे. लहानपणी ती क्लॅरीच्याच बसने शाळेत जायची. तिने त्याचे पाय पाहिले आणि म्हणाली, एरवी हे घट्टच घ्यायचे, लोकर दबते मग. पण तुम्हाला मोठेच द्यावे लागतील. क्लॅरीने विचारलं, जरा चामड्याच्या बुटांसारखे दिसणारे नाहीत का? काळे, लेस असलेले?

"काळे आहेत. पण मेंढी ती मेंढीच दिसणार, मिस्टर टकवेल. कुठे घालायचेत?"

"बायकोकडे जायचंय."

मिर्यानाने काळी जोडी काढली. मग गुडघ्यावर बसून तिने स्वतःच ते त्याच्या पायांत चढवले. "जा खुशाल," ती म्हणाली. "नोरीनबाईंना आता कुठे कळणार आहे?"

ती चांगल्या मनाने बोलली, पण क्लॅरीचा चेहरा एवढासा झाला. गाडीत तो पाय सीटखाली लपवून बसला. वृद्धाश्रमाच्या दारातून मागे फिरायला लागला तेव्हा मी त्याचा दंड धरला आणि सोबत आत गेलो.

नोरीन खिडकीशी बसली होती. तिची नजर आधी जमिनीवर गेली, बुटांवर थांबली, मग सावकाश वर चढली.

"क्लॅरी टकवेल," ती म्हणाली, "हे घालून तू फाटकाबाहेर आलास? लाज कशी वाटत नाही तुला?"

क्लॅरी दारातच उभा राहिला.

"दूध संपलं होतं, नोरी," तो म्हणाला.

"मग मला सांगायचं. चल, आधी घरी जाऊन बूट बदल." आणि ती बोलत सुटली, त्याच्या आईपर्यंत पोचली. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मला रडू आवरत नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "बसा ना."

रोज काही असं जमत नाही. कधी ती बघतसुद्धा नाही. पण अधूनमधून जमतं.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि क्लॅरीचे पाय पूर्ववत झाले. नाताळच्या दुपारी इतकं ऊन होतं की रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. क्लॅरी फाटकातून बाहेर आला तो टाय, अर्धी चड्डी आणि पायांत ते लोकरीचे बूट. समोरची मुलं फिदीफिदी हसली. मी त्याला म्हटलं, अरे, पाय शिजतील तुझे, आता तरी चांगले बूट घाल.

"उकडतंय खरं," तो गाडीत बसत म्हणाला. "पण चांगल्या बुटांत ती मला बसा म्हणते."