सरपंचांच्या नातीची हुशारी

मागच्या भाद्रपदात आमच्या पाथर्डीकडच्या शाळेत बुद्धी मोजायचा लॅपटॉप आला. सोबत नगरच्या कुठल्याशा संस्थेचे कडक इस्त्रीतले साहेब. "यात माणसाचा हात नाही, त्यामुळं चूक नाही," ते म्हणाले आणि मुख्याध्यापकांनी नंदीबैलासारखी मान डोलावली. मी चौथीचा शिक्षक, वीस वर्षं पोरं पाहतोय. मला कुणी विचारलं नाही.

माझ्या वर्गात ऊसतोड करणाऱ्या जोडप्याची एक मुलगी होती. गणितात मलाच अडवायची. दरवर्षी दसरा झाला की आईबापाबरोबर कोपरगावकडं ऊस तोडायला जायची, ती उन्हाळ्यात परतायची. निम्मं वर्ष बुडायचं. यंदा मी बापाच्या खनपटीला बसून तिला वसतिगृहात ठेवायला राजी केलं होतं. "डोकं आसंल तर ठेवतो," एवढंच तो म्हणाला होता.

तिनं आजवर माऊस पाहिला नव्हता. एका चित्रात शेतात तीन पुरुष आणि तीन बाया, मजूर किती? तिनं तीन दाबलं. मी नंतर कारण विचारलं, तर म्हणाली, "नवराबायकू मिळून एकच धरत्यात ना सर. एक कोयता." तिच्या मुकादमाचा हिशेब तसाच असतो. पण लॅपटॉप बनवणाऱ्या दीडशहाण्यांनी ऊस फक्त रसवंतीवर पाहिलेला. आकडा आला अडुसष्ट. खाली छापलं होतं : मंद, विशेष शाळेस योग्य.

माझं डोकं सणकलं. साहेब जेवायला गेले होते. माझ्याच वर्गातली सरपंचांची नात बारशाला नगरला गेलेली. तिच्या नंबरावर मी याच मुलीला पुन्हा बसवलं. एव्हाना तिचा हात माऊसवर बसला होता. मजुरांचं चित्र परत आलं, परत तिनं तीनच दाबलं. तरी आकडा आला एकशे अठरा. सकाळी मंद असलेली मुलगी जेवणाच्या सुट्टीत असामान्य! आमच्या बाजारातला कांद्याचा काटासुद्धा एवढी लबाडी करत नाही.

दोन्ही कागद साहेबांच्या नाकासमोर धरायचे, असा माझा बेत होता. प्रिंटर मुख्याध्यापकांच्या खोलीत. मी तिथं पोचेपर्यंत त्यांनी कागदावरचं नाव वाचून सरपंचांना फोन करून पेढे मागवलेसुद्धा होते. साहेब ढेकर देत म्हणाले, "त्या मुलीच्या डोळ्यांतली चमक मी सकाळीच हेरली होती." सरपंचांची नात सकाळपासून गावातच नव्हती. दुसऱ्या दिवशी चौकात सरपंचांच्या नातीचा फ्लेक्स लागला.

आता खरं सांगायचं म्हणजे बनवाबनवी मी केली हे सांगायचं. मग चौकशी, कदाचित निलंबन. साहेबांना मनातल्या मनात शेलक्या शिव्या हासडल्या आणि गप्प बसलो. त्यांच्यापेक्षा मी कुठं वेगळा होतो?

चार दिवसांनी बाप तो अडुसष्टाचा कागद घेऊन आला.

"तुमी तर लई हुशार हाय म्हनत हुते, सर. काम्प्युटर खोटं बोलंल व्हय?"

"माणसानंच बनवलेलं असतं ते."

"मानसाचा भरवसा न्हाई म्हनून तर बनवलं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. फडावर पाचटाच्या कोपीत धाकल्याला तरी सांभाळंल."

दसऱ्यानंतर ट्रक आला. भांडीकुंडी आणि गोधड्यांच्या ढिगावर ती भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून वाकली.

"सर, दुसऱ्या खेपेला किती आलं हुतं?"

"मशीन बंद पडलं होतं," मी म्हणालो.

तिनं जरा विचार केला.

"मंग पयल्या खेपेला ते नीट चालू हुतं कशावरून?"

तेवढ्यात ड्रायव्हरनं ट्रक सुरू केला, आणि मला बरं वाटलं.